‘अलाऊ’ कोणी दाबलं?

रात्री साडेनऊला हुपरीहून मामांचा फोन आला. मामा एरवी दिवसा फोन करतात, तोही दोन वाक्यांचा. रात्रीचा फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला.

“बाळ, आपला कॉम्प्युटर गेला बघ. पाच व्हायरस हाईत म्हणतोय. दर दोन मिनटाला टुंग करून वाजतोय. उद्या येतीस काय?”

घरातल्या ‘मास कम्युनिकेशन’वालीला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं, असा आमच्याकडे समज आहे. तुमच्याही घरी असाच कोणीतरी असणार. बहुतेक तुम्हीच. प्रिंटर अडकला की तुम्ही, आधार लिंक होईना की तुम्ही, आणि कॉम्प्युटर ‘गेला’ की तर तुम्हीच. म्हणून हा लेख तुमच्यासाठी.

मामांचा कॉम्प्युटर म्हणजे काय, हे आधी सांगते. हुपरीला चंदेरी नगरी म्हणतात, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. पण बाहेरच्यांना वाटतं की तिथे मोठमोठे कारखाने असतील आणि आत पैंजणांच्या राशी पडलेल्या असतील. तसं नसतं. एक पैंजण कितीतरी घरांतून फिरून तयार होतं. चांदी आटवणारा एक, तार ओढणारा दुसरा, कड्या जोडणाऱ्या बायका तिसऱ्या गल्लीत, घुंगरू लावणाऱ्या चौथ्या, पॉलिश आणखी कुठेतरी. घरचा स्वयंपाक आवरून पैंजण जोडायला बसणाऱ्या बायका इथे घरोघर दिसतील. प्रत्येकीला किती ग्रॅम माल दिला, किती परत आला, घट किती, मजुरी किती, हा सगळा हिशेब मामांनी वहीतून कॉम्प्युटरवर आणला. जीएसटीची बिलं त्यावर, नेट बँकिंग त्यावर. त्यामुळे मामा ‘कॉम्प्युटर गेला’ म्हणाले, त्याचा अर्थ आठ-दहा घरांची आठवड्याची मजुरी अडकली, असा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने गेले. कॉम्प्युटर छान चालू होता. हिशेबाची फाइल उघडत होती, बिलं निघत होती. फक्त उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकोन वर यायचा. त्यात लाल ढाल, त्यावर उद्गारचिन्ह. ‘तुमच्या पीसीत ५ व्हायरस सापडले.’ तो बंद केला की पुढचा: ‘तुमचं संरक्षण आज संपत आहे.’ मग आणखी एक: ‘तुमच्या बँक खात्यात कोणीतरी लॉगिन केलं आहे.’ शेवटी एक फोन नंबर.

हे दिवाळीनंतर सुरू झालं होतं, असं मामा म्हणाले. सुरुवातीला ते नुसतं ‘कट’ करत राहिले. मग रिपेअरीच्या एका पोराला बोलावलं, त्याने पैसे घेऊन अँटिव्हायरस टाकला. चौकोन येतच राहिले. तो परत आला, ‘सफाई’ करून गेला, पुन्हा पैसे. चौकोन तसेच. मग चहा झाल्यावर, मामी आत गेल्याचं बघून, मामांनी खरी गोष्ट सांगितली. आदल्या दिवशी दुपारी त्यांनी त्या नंबरवर फोन लावला होता.

पलीकडचा माणूस हिंदीत बोलत होता. एकदम अदबीने, ‘सर, घबराइए मत’ म्हणत. त्याने एक ॲप उतरवून घ्यायला सांगितलं, म्हणजे तो तिकडून स्क्रीन बघू शकेल. मामांनी उतरवलं. मग त्याने काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं भराभरा पळवून दाखवली, एक यादी उघडून त्यातल्या लाल खुणा मोजून दाखवल्या आणि म्हणाला, हे सगळे हॅकर. आता नेट बँकिंग उघडा, सुरक्षेचे पैसे भरा, मी इथून बघतो.

तेवढ्यात दारात एक कामगार बाई जोडलेला माल घेऊन आल्या. हुपरीत माल घेताना तो दोघांच्या डोळ्यांसमोर तोलायचा असतो, त्यात हयगय चालत नाही. मामा फोन टेबलवर ठेवून काट्याकडे गेले. वजन करून परत वळले, तर स्क्रीनवरचा बाण आपला आपण फिरत होता.

“माझा हात तर माऊसवर न्हवता. मग म्या पिनच उपसली.”

काट्यावर तोललेल्या त्या मालामुळे मामा वाचले. लॉगिन अजून व्हायचं होतं. दोन मिनिटं उशीर झाला असता तर हा लेख वेगळा झाला असता.

व्हायरस नव्हताच

मी ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये गेले आणि नोटिफिकेशनची यादी उघडली. अकरा वेबसाइट्सना परवानगी दिलेली होती. एक चांदीचा ‘लाइव्ह’ भाव दाखवणारी. चांदी किलोला लाखाच्या पुढे गेल्यापासून हुपरीत भाव बघायची सवय श्वास घेण्यासारखी झालीय, त्यामुळे ती मामांची. एक फोटोचं पीडीएफ करून देणारी. दोन-तीन नावं अशी, जणू मांजर कीबोर्डवरून चालत गेलंय. आणि एक नाव माझ्या चांगल्याच ओळखीचं.

दिवाळीत मी आणि मामेभावाने याच कॉम्प्युटरवर फुकटात मॅच बघितली होती. त्या साइटवर काळा चौकोन होता आणि वर लिहिलं होतं, ‘व्हिडिओ सुरू करण्यासाठी अलाऊ दाबा.’ पहिली ओव्हर सुरू झाली होती. मी दाबलं.

म्हणजे मामांच्या दोनदा झालेल्या रिपेअरीचा खर्च, आठवडाभराची झोप आणि तो बाण, या सगळ्याची सुरुवात घरातल्या ‘कॉम्प्युटर कळणाऱ्या’ व्यक्तीने केली होती. मामांना लगेच सांगायचं धाडस झालं नाही. दुपारी जेवताना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “मग आता काढायचं कसं, ते दाव.”

तर, ‘ते काय होतं’ हे समजून घेऊ. कारण ते कळलं की काढायचं कसं हे आपोआप कळतं.

एप्रिल २०१५ मध्ये क्रोमने वेबसाइट्सना एक सोय दिली. तुम्ही एकदा परवानगी दिली की ती साइट बंद असली तरी तुम्हाला संदेश पाठवू शकते. ब्राउझर सुरू असला की पुरे. फायरफॉक्सने २०१६ मध्ये तेच केलं. हेतू चांगला होता. मेल आला, मीटिंग आहे, बातमी आली, हे कळावं म्हणून. तांत्रिक भाषेत, परवानगी मिळाल्यावर साइटची एक छोटी स्क्रिप्ट ब्राउझरमध्ये मागे बसून राहते आणि सर्व्हरवरून आलेला मजकूर दाखवते. हा मजकूर विंडोजच्या नेहमीच्या नोटिफिकेशनच्याच जागेवर, त्याच चौकोनात येतो. त्यामुळे तो कॉम्प्युटरनेच दिलेला इशारा वाटतो.

इथेच सगळी गोम आहे. तो चौकोन तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीही तपासत नाही. पाच व्हायरस आहेत की पन्नास, त्याला माहीत नाही, कारण तो आत डोकावतच नाही. तो एक निरोप आहे, बस्स. रस्त्यावरून जाणाऱ्याने तुमच्या दारातून ओरडावं, ‘तुमच्या घरात साप आहे’, तसा. आणि म्हणूनच अँटिव्हायरसने तो बहुतेक वेळा जात नाही. पकडायला फाइल नाही, व्हायरस नाही. आहे ती फक्त परवानगी, आणि ती तुम्ही दिलेली आहे.

किती लोकांना ही सोय खरंच हवी होती? फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २५ डिसेंबर २०१९ ला संपलेल्या एका महिन्याचे आकडे तपासले. त्या महिन्यात ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ हा प्रश्न सुमारे १४५ कोटी वेळा विचारला गेला. ‘हो’ म्हटलं गेलं ते जेमतेम २ कोटी ३६ लाख वेळा. म्हणजे एका होकारामागे साठ नकार किंवा दुर्लक्ष. जानेवारी २०२० पासून फायरफॉक्सने हा प्रश्न आपणहून समोर आणणं बंद केलं. क्रोमनेही त्याच वर्षी तो शांत करायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर क्रोमच्या लोकांनीच सांगितलं की एकूण नोटिफिकेशन्सपैकी एक टक्क्याहूनही कमी नोटिफिकेशन्सना लोक काही प्रतिसाद देतात. ज्या साइटकडे तुम्ही फिरकतच नाही, तिची परवानगी आता क्रोम स्वतः काढून घेऊ लागलं आहे.

मग प्रश्न पडतो, कोणालाच नको असलेली ही गोष्ट टिकून का आहे? कारण उरलेल्या त्या एका टक्क्यात मामा आहेत.

एका क्लिकची पेठ

फुकट मॅच दाखवणारी साइट फुकट नसते. तुमच्या एका ‘अलाऊ’ला बाजारात किंमत आहे. साइटवाला तो ‘अलाऊ’ नोटिफिकेशनच्या जाहिराती विकणाऱ्या नेटवर्कला देतो आणि पैसे घेतो. ते नेटवर्क तुमच्या स्क्रीनचा कोपरा ज्याला हवा त्याला भाड्याने देतं. भाडेकरू अनेक प्रकारचे. कोणी जुगाराची जाहिरात करतो. कोणी ‘तुमचा अँटिव्हायरस संपला’ अशी खोटी भीती घालून तुम्हाला खऱ्या कंपनीच्याच खरेदीच्या पानावर नेतो आणि विक्रीचं कमिशन खातो. आणि कोणी फोन नंबर देतो.

यातला कोणीच सगळा गुन्हा एकटा करत नाही, हे लक्षात घ्या. साइटवाला म्हणेल, मी फक्त परवानगी घेतली. नेटवर्क म्हणेल, मी फक्त जागा विकली. पैंजणासारखंच आहे हे. एकाने तार ओढली, दुसऱ्याने कडी जोडली, तिसऱ्याने घुंगरू लावलं. फरक एवढाच की हुपरीत प्रत्येक टप्प्यावर माल दोघांसमोर तोलला जातो. इथे काटाच नाही.

फोन नंबरवाला टप्पा सर्वांत घातक, आणि तो आपल्या देशात चांगलाच रुजलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये देशभरात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यातली दोन प्रकरणं ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या तक्रारींवरून होती. पद्धत ओळखीची: संगणकावर सुरक्षेच्या इशाऱ्यासारखा पॉप-अप, त्यात टोल-फ्री नंबर, पलीकडे ‘तंत्रज्ञ’, आणि मग स्क्रीनचा ताबा. बळी बहुतेक परदेशातले होते.

महाराष्ट्रातही हे नवीन नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटर्सवर छापे टाकले तेव्हा सातशेहून अधिक जणांना ताब्यात घेतलं गेलं आणि ७० जणांना अटक झाली. तिथून अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी असल्याचं भासवून अमेरिकन लोकांना धमकावलं जायचं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने इगतपुरीत एका रिसॉर्टमध्ये भाड्याच्या जागेत चाललेलं बेकायदा कॉल सेंटर पकडलं. ॲमेझॉनचे सपोर्ट कर्मचारी असल्याचं सांगून अमेरिका-कॅनडातल्या लोकांकडून गिफ्ट कार्ड आणि क्रिप्टोच्या रूपात पैसे उकळले जात होते. ४४ लॅपटॉप आणि ७१ मोबाइल जप्त झाले. आपण ज्या इगतपुरीला पावसाळ्यात धबधबे बघायला जातो, तीच.

या बातम्या वाचताना मला एक गोष्ट खटकत राहिली. मीरा रोडच्या त्या सातशेंत बहुतेक तरुण पोरं-पोरी होत्या. म्हणजे आपल्याच वयाची. बीकॉम झालेली, बीए झालेली, इंग्रजी बऱ्यापैकी येणारी, नोकरी शोधणारी. ‘इंटरनॅशनल प्रोसेस, नाइट शिफ्ट, अनुभवाची अट नाही, इन्सेंटिव्ह वेगळा’, अशी जाहिरात तुमच्या ग्रुपवर आलीच असेल. माझ्या आली होती. कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत इंटरव्ह्यू देऊन दमलेल्या माणसाला ती जाहिरात मोहात पाडणारच. सगळीच कॉल सेंटर्स खोटी नसतात, हजारो लोक तिथे प्रामाणिक काम करतात. पण नियुक्तीपत्र नाही, पगार रोखीत, पहिल्याच दिवशी हातात खोटं इंग्रजी नाव आणि समोरच्याला घाबरवण्याची स्क्रिप्ट, असं असेल तर ती नोकरी नव्हे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ड नुसार संगणक वापरून दुसऱ्याचं सोंग घेत फसवणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. ‘मी फक्त फोनवर बोलत होतो’ हे उत्तर कोर्टात टिकत नाही.

मामांना ‘घबराइए मत’ म्हणणारा आवाज किती वर्षांचा होता, मी विचारलं. मामा म्हणाले, “तुझ्याच वयाचा असंल.”

आता काढायचं कसं

हा भाग वाचून झाल्यावर लेख बाजूला ठेवा आणि घरचा कॉम्प्युटर उघडा. दहा मिनिटांचं काम आहे.

पहिलं, चौकोन नीट वाचा. ब्राउझरमधून आलेल्या नोटिफिकेशनवर मजकुराच्या खाली किंवा वर बारीक अक्षरांत साइटचा पत्ता आणि ब्राउझरचं नाव असतं. ‘विंडोज सिक्युरिटी’च्या नावाने ओरडणाऱ्या चौकोनावर एखाद्या भलत्याच साइटचा पत्ता दिसला, की खेळ तिथेच संपला. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये किंवा इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला म्हणजे खोटं.

दुसरं, परवानगी काढा. क्रोममध्ये वर उजवीकडच्या तीन टिंबांवर जा. सेटिंग्ज, मग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘साइट सेटिंग्ज’, मग ‘नोटिफिकेशन्स’. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. प्रत्येकीपुढच्या तीन टिंबांवर ‘ब्लॉक’ दाबा. ‘रिमूव्ह’ केलं तर साइट पुन्हा विचारू शकते, ‘ब्लॉक’ केलं तर नाही. त्याच पानावर, कोणत्याही साइटला नोटिफिकेशन पाठवू देऊ नका, असा पर्याय आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर तो सरळ निवडून टाका. एजमध्ये सेटिंग्जमध्ये साइट परमिशन्स शोधून तिथे नोटिफिकेशन्स. फायरफॉक्समध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’च्या पानावर खाली परमिशन्स, तिथे नोटिफिकेशन्सची सेटिंग्ज, आणि नवीन विनंत्या रोखण्याची एक चौकट, तिच्यावर टिक. एका कॉम्प्युटरवर दोन-तीन ब्राउझर असतील, तर प्रत्येकात हे वेगळं करावं लागतं. मामांच्याकडे दोन होते.

तिसरं, पूर्ण स्क्रीन व्यापणारा पॉप-अप आला तर. भोंगा वाजतोय, ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ लिहिलंय, माऊस चालत नाही. हे नुसतं एक वेबपान असतं. एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा. नाहीच गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा. पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का?’ असं विचारेल, तेव्हा नाही म्हणा. सगळं फसलं तर मामांचा उपाय: पिन उपसा. त्याने खोट्या इशाऱ्याचं भलं होत नाही आणि तुमचं फारसं वाईट होत नाही.

चौथं, परवानग्या काढूनही चौकोन येत असतील तर मात्र खरंच काहीतरी आत आलेलं असू शकतं. ब्राउझरची एक्स्टेन्शन्स बघा, ओळखीची नाहीत ती काढा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये इन्स्टॉल केलेल्या ॲप्सची यादी तारखेप्रमाणे लावून बघा. त्रास सुरू झाला त्या दिवसांतलं अनोळखी ॲप बहुधा चोर असतं. मग विंडोज सिक्युरिटीतून पूर्ण स्कॅन. तो फुकट आहे आणि विंडोजबरोबरच येतो. केंद्र सरकारच्या सर्ट-इनतर्फे चालणाऱ्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या वेबसाइटवरही सफाईची साधनं मोफत मिळतात. ‘क्रॅक’ केलेलं सॉफ्टवेअर वापरत असाल, तर आधी ते काढा. डिझाइनचं महागडं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवरून फुकट मिळालं, याचा आनंद फार टिकत नाही.

आणि एक जुनं दुखणं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. छोट्या धंद्यांत, सेवा केंद्रांत अजून कितीतरी कॉम्प्युटर त्यावरच चालतात. ‘तुमचं विंडोज जुनं झालंय, या नंबरवर फोन करा’ ही भीती त्यामुळे आणखी खरी वाटते. अपडेट करायचं ते विंडोजच्या सेटिंग्जमधूनच. कोपऱ्यातल्या चौकोनातून कधीच नाही.

फोन आधीच केला असेल तर

मामांच्या बाबतीत हा भाग सर्वांत महत्त्वाचा होता. नोटिफिकेशन गेलं, पण आदल्या दिवशी परका माणूस आत येऊन गेला होता.

आम्ही हे क्रमाने केलं. कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडला. स्क्रीन दाखवणारं ते ॲप काढून टाकलं. नेट बँकिंगचा आणि मेलचा पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून, म्हणजे माझ्या फोनवरून, मामांनी बदलला. बँकेत जाऊन सांगितलं. हिशेबाच्या फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घेतली आणि मग विंडोज नव्याने टाकलं. एवढं करायची गरज होती का? माहीत नसलेला माणूस तुमच्या कॉम्प्युटरवर वीस मिनिटं बसून गेला असेल, तर त्याने काय ठेवलं हे शोधत बसण्यापेक्षा घर नव्याने सारवून घेतलेलं बरं.

पैसे गेले असतील तर पहिला फोन १९३० वर. घरच्यांना, मित्राला, ओळखीच्या पोलिसाला नंतर. या नंबरवर तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवण्याचा प्रयत्न सुरू होतो, आणि पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी हे झालं तरच उपयोग. त्यामुळे मिनिटं मोजायची. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार. कोल्हापुरात सायबर पोलीस ठाणं आहे. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रकही माहीत असू द्या. चूक तुमची नसेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान तुमच्यावर येत नाही. ओटीपी किंवा पासवर्ड तुम्हीच दिला असेल, तर कळवण्याआधीचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे चूक तुमची असली तरी लपवून ठेवण्यात तोटाच आहे.

आणि लपवलंच जातं, हीच खरी अडचण आहे. २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीत २२,८४५ कोटी रुपये गेल्याचं केंद्रीय गृह खात्याने संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी तो आकडा ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट. यात सगळ्या प्रकारच्या फसवणुका आल्या, फक्त पॉप-अप नव्हे. पण हे तक्रार झालेले पैसे. ज्यांनी मामांसारखं मामी आत जायची वाट बघितली आणि मग कोणालाच सांगितलं नाही, ते या आकड्यात नाहीत.

मामांनी मामीपासून का लपवलं? कारण ‘एवढं कळत नाही का’ हे ऐकावं लागेल म्हणून. आणि हे वाक्य घरात सर्वांत जास्त वेळा कोण म्हणतं? आपण. व्हॉट्सॲपवर खोटा फॉरवर्ड आला की आपण हसतो. ओटीपी विचारला की डोळे फिरवतो. मोबाइल हातातून हिसकावून घेऊन दोन सेकंदांत करून देतो, पण दाखवत नाही. मग मोठी माणसं आपल्याला विचारायचं सोडतात आणि अदबीने ‘सर’ म्हणणाऱ्या नंबरला विचारतात. तो माणूस मामांशी वीस मिनिटं शांतपणे बोलला होता. मी मामांशी कॉम्प्युटरबद्दल सलग वीस मिनिटं कधी बोलले होते?

त्या दिवशी बोलले. यादीतली अकरा नावं मामांनी स्वतः एकेक करून ब्लॉक केली, मी हात माऊसला लावला नाही. मॅचवाल्या साइटपाशी आल्यावर ते थांबले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “ही तुझी, तू काढ.”

काढली.

संध्याकाळी परतायच्या वेळी मामी डबा देताना म्हणाल्या, “ते टुंग टुंग बंद झालं काय गं?” म्हणजे मामींना आठवडाभर सगळं माहीत होतं. मामांना वाटत होतं की नाही. आता दोघांनी ठरवलंय, कॉम्प्युटरवर काहीही घाबरवणारं दिसलं की आधी दोघांनी मिळून वाचायचं, मगच हात लावायचा. काट्यावर माल तोलतात तसं.

तुम्ही आज घरी गेलात की तेवढं करा. सेटिंग्ज उघडा, यादी वाचा, आणि घरातल्या माणसाला शेजारी बसवून त्याच्या हातानेच ती साफ करून घ्या. यादीतलं एखादं नाव तुमच्या ओळखीचं निघालं, तर सांगून टाका. ओरडा पडेल असं वाटतं, पण बहुतेक वेळा पडत नाही.